खदानीशेजारचं घर

मल्हारराव पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि औरंगपुऱ्यातल्या एका गृहकर्ज सोसायटीसाठी घरं तपासून द्यायला लागले. पाया, भिंती, स्लॅब, ओल, दारं-खिडक्या. छापील फॉर्मातला एकेक रकाना भरायचा, खाली सही ठोकायची. त्या सहीवर कर्ज मंजूर व्हायचं. सत्त्याऐंशी साल होतं. औरंगाबादेभोवती कारखाने वाढत होते, कारखान्यांमागं माणसं येत होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

पडेगावचं ते घर त्यांना पहिल्या नजरेत आवडलं. दोन खोल्या, पुढं ओटा, अंगणात हातपंप. घेणारं जोडपं आधीच येऊन थांबलं होतं. कडुबा एका कारखान्यात लेथवर होता, त्याची बायको मनकर्णाबाई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स.

"चांगलं बांधलंय," भिंतीवर बोटं वाजवत मल्हारराव म्हणाले. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. कडुबा हसला.

चुना-सिमेंटनं भरलेले हात धुवायला मल्हारराव पंपाशी गेले. पाणी पिवळट आलं, वर फेस. हाताला वास लागला तो जाईना.

"बोर नवा हाय साहेब," कडुबा घाईघाईनं म्हणाला. "मालक म्हणला, पंधरा दिवसांत गाळ निघून जातो."

"गाळाला फेस येत नाही," मल्हारराव म्हणाले आणि घराच्या मागं चालू लागले.

दोनशे पावलांवर जुनी दगडाची खदान होती. तळाला काळपट लगदा साचला होता, त्यात गंजलेले पिंप अर्धे बुडालेले. खदानीच्या अलीकडं एक म्हातारा काठी आडवी धरून मेंढरं वळवत होता. मुंजाबा त्याचं नाव. मल्हाररावांची जात, गाव विचारून झाल्यावर तो मोकळा झाला.

"टँकर येतंय कारखान्याचं. आठवड्यातून दोनदा. कंच्या कारखान्याचं, ते कोन सांगतंय? माझी चार मेंढरं गेली हितलं पानी पिऊन. आता जनावर हिकडं फिरकू देत नाय."

"कुणाला सांगितलं का?"

"सांगितलं की. सरपंच म्हणला, खदान सरकारची. तलाठी म्हणला, टँकर शहराचा. लई हिंडलो."

मल्हारराव परत आले. फॉर्मात परिसराला रकाना नव्हता. मग त्यांनी सहीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'घरामागील खदानीत कारखान्याचे रासायनिक सांडपाणी टाकले जाते. बोरच्या पाण्याला वास व फेस आहे. पाणी तपासल्याशिवाय कर्ज देऊ नये.'

"काय लिहिलंत?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"ऑफिसातून कळेल तुम्हाला," ते म्हणाले. नियम तसा होता. अहवाल सोसायटीचा, गिऱ्हाइकाला सांगायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे मॅनेजर तात्यासाहेब यांनी फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला.

"मल्हारराव, तुम्हाला घर तपासायला पाठवलं होतं. गाव नाही."

"पाणी घरातलंच आहे."

"पाण्याचा रकाना आहे. 'सोय आहे' किंवा 'सोय नाही'. आहे ना सोय? मग झालं. हा नवा फॉर्म घ्या."

"घर पडलं तर जबाबदारी माझी. घरात राहून माणूस पडला तर कुणाची?"

"आपली नव्हे, एवढं मात्र नक्की," तात्यासाहेब म्हणाले.

मल्हाररावांनी नवा फॉर्म घेतला नाही. उलट तीन ऑफिसं हिंडले. एकात अर्ज दुसरीकडं द्या म्हणाले, दुसऱ्यात साहेब दौऱ्यावर होते, तिसऱ्यात शिपायानं विचारलं, "तुमची जमीन हाय का तिथं? मग तुमचं काय जातंय?" घरी आल्यावर त्यांनी चपला अशा काही फेकल्या की एक थेट न्हाणीत गेली.

आठवड्यानं मनकर्णाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. हातात सोसायटीचं पत्र.

"'तांत्रिक कारणास्तव नामंजूर.' तांत्रिक म्हंजे काय हो साहेब? आमचं आडनाव?"

"बाई, तसं नाही..."

"नाय कसं? अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत गावातलं घर गेलं आमचं. तवापासून भाड्यानं राहतोय. शहरात घर बघाय गेलं की आधी आडनाव इचारतात, मग इचारतात, नामांतराच्या मोर्चात जाता का? जाते म्हणलं की खोली कालच गेलेली असते. नऊ वर्षांत हा एक मालक भेटला ज्यानं काय नाय इचारलं. आन् तुमी हात धुतले, कायतरी लिवलं, आन् गेलं घर!"

मालकानं काहीच का विचारलं नसेल, ते मल्हाररावांच्या ध्यानात आलं होतं. बोलायचा धीर होईना. आणि या बाईला त्याच दिवशी, त्याच अंगणात सांगायला हवं होतं. पाणी ती पिणार होती, सोसायटी नव्हे.

"चला माझ्याबरोबर," ते म्हणाले.

खदानीच्या काठावर मनकर्णाबाईंनी पदर नाकाला लावला. मग त्या घराच्याच ओळीतल्या बाकीच्या घरांकडं वळून एकेक दार मोजू लागल्या.

"ह्या घरातली पोरगी दवाखान्यात येती. अंगभर चट्टे. त्या निळ्या दाराचे दोघं भाऊ. त्या टोकाची म्हातारी. सगळ्यांच्या केसपेपरवर खरूज लिवलं, मलम दिलं, आन् वर सांगितलं, रोज आंघोळ घाला म्हणून." त्यांचा आवाज फाटला. "ह्या पाण्यानं!"

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"मग तुमाला तरी कुठं माहीत होतं? तरी इचारत आलात की नाय हितवर?"

त्याच महिन्यात सोसायटीनं त्या घरासाठी दुसरा तपासणारा नेमला. त्यानं 'सोय आहे' वर खूण केली. घेणारा होता एक तरुण कारकून, बद्रीनाथ. मनकर्णाबाई आणि मल्हारराव त्याला गाठायला गेले, तर तो चिडला.

"तुम्हाला मिळालं नाही म्हणून आम्ही घेऊ नये होय?"

"घ्या बाबा! मरा!" मल्हारराव ओरडले.

"असं नगा बोलू," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि बद्रीनाथला हाताला धरून निळ्या दारापाशी घेऊन गेल्या. दोन्ही पोरांचे सदरे वर करून दाखवले. बद्रीनाथची बायको दोन महिन्यांची गरोदर होती. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज मागं घेतला.

मनकर्णाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या ओळीतल्या सात घरांच्या सह्या-अंगठे घेऊन त्यांनी निवेदन लिहिलं, मुंजाबाचाही अंगठा घेतला, आणि मल्हाररावांनी स्वतःच्या हातानं उतरवून दिलेली अहवालाची नक्कल जोडून कलेक्टर कचेरीत दिलं. चार महिने काही झालं नाही. मग एक दिवस कुणीतरी येऊन हातपंपाच्या दांड्या काढून नेल्या. महापालिकेचा पाण्याचा टँकर यायला लागला, तोही एक दिवसाआड. सांडपाण्याचा टँकर बंद झाला. मुंजाबा म्हणाला, तो आता दौलताबादेच्या अंगाला दुसऱ्या खड्ड्यात रिकामा होतो. मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला आणि दुसरं निवेदन लिहायला घेतलं.

सोसायटीनं मल्हाररावांना पुन्हा काम दिलं नाही.

पुढच्या वर्षी कडुबाला शहराच्या पूर्वेला एक घर सापडलं. मालकानं आडनाव विचारलं, ऐकलं, जरा थांबला आणि हो म्हणाला. मल्हारराव आपणहून तपासायला गेले ते आधी शेजाऱ्यांकडं पाणी प्याले, मग नाल्याच्या कडेकडेनं अर्धा कोस चालून आले, मागच्या पडीक रानात दगड उलथून बघितले. ऊन डोक्यावर आलं तरी त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"साहेब," ओट्यावर ताटकळलेल्या मनकर्णाबाई वैतागून म्हणाल्या, "आता घर बी बघता का जरा?"