रुखमाबाईची बोट

सिंधूआत्याने सत्यभामाबाई कुंभारणीच्या हातातलं मोठं मडकं परत ढकललं.

"करा नोको मले. केळी दे फक्त."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दुसऱ्या दिवसावर आली होती. या सणाला पितरांना पाणी द्यायचं: गेलेल्या पुरुषासाठी करा, म्हणजे मोठं मडकं भरायचं, बाईसाठी केळी, म्हणजे लहान मडकं. सिंधूआत्या आपल्या आईसाठी, रुखमाबाईसाठी, दरसाल केळी भरायची. बापाच्या नावाने मात्र त्या घरात करा कधी भरला गेला नव्हता. सत्यभामाबाईला हे चांगलं ठाऊक होतं, पण यंदा शेजारी शालिग्राम उभा होता आणि त्याच्या डोळ्यांच्या खुणेवरच तिने करा पुढे केला होता.

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या जवानांच्या नावांचा दगड ग्रामपंचायतीपुढे उभा राहत होता आणि शालिग्राम त्या स्मारकाच्या समितीचा अध्यक्ष होता.

"आत्या, हट्ट सोड. करा भर, मी तुह्या बापाचं, कडूबाचं, नाव टाकतो. तुमच्याच घरानं त्याले मेला म्हटलं नाही, तं मी शहीद कसा लिहू?"

"तुले काय करायचं हाये आमच्या घराचं?"

"एकदा मेला म्हण ना, आत्या!"

तेवढंच तिच्या तोंडून निघत नव्हतं. कडूबा बोटीत बसून लढाईवर गेला तेव्हा ती पोटात होती. मग बोट बुडाल्याची तार आली. शालिग्रामचा आजोबा त्याच बोटीवर होता. त्याच्या आजीचं कुंकू बायांनी त्याच दिवशी पुसलं. त्याच बाया रुखमाबाईकडे आल्या, तर ती मुसळ घेऊन दारात उभी. "बोट लागली नाही अजून," एवढंच म्हणाली. गावाने तिला वेडी ठरवलं. म्हातारपणी ती सरणावर गेली तीही हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावून.

आता करा भरायचा म्हणजे मेलेल्या आईचं कुंकू पुसायचं. नाही भरला, तर बापाचं नाव जगात कुठेच नाही. ज्याचं तोंडही पाहिलं नाही, त्याच्या नावावरून एकदा बोट फिरवावं, एवढीच सिंधूआत्याची आस होती.

संध्याकाळी अर्पिता, तिची नात, मोबाईल घेऊन जवळ बसली.

"आजी, ही पाय तुह्या बापाची बोट. आधी अशी पांढरीशुभ्र होती. मोठे लोक फिरायले जायचे तिच्यातून. आत नाचघर होतं, पियानो होता. मंग लढाई लागली अन् सरकारनं ताब्यात घेतली. राखाडी रंग फासला, पियानो उतरवला, नाचघरात झोळ्या टांगल्या अन् शिपाई भरले."

"अन् आता कुठी हाये?"

"समुद्राच्या तळाशी. पाणबुडे जाऊन पाहून आले. आडवी नाही पडली म्हणे. उभीच हाये."

"उभी हाये?"

"हाव."

"कोणत्याच बंदराले लागली नाही ना पण?"

"कशी लागन आजी आता?"

सिंधूआत्याने मांडीवर थाप मारली.

"मंग माही माय काय खोटं बोलत होती? येडी म्हणत होते मेले तिले!"

आखाजीच्या सकाळी अकील पाथरवट दगडावर छिन्नी चालवत होता. प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख. सिंधूआत्या भरलेली केळी घेऊन आली आणि सरळ दगडाच्या ओट्यावर बसली.

"अकील, लिही. कडूबा. अन् तारखेच्या जागी लिही, बोटीवर."

"असं कुठी असते काय, आत्या?" शालिग्राम ओरडला. "लोक हासतीन!"

"माह्या मायले जलमभर हासले. ते नाही वाकली, अन् मी वाकू? नाव झाल्याबिगर उठत नाही मी. उठवून पाय मले!"

ऊन चढलं. अर्पिताने धरलेली छत्रीही म्हातारीने बाजूला सारली. शालिग्राम दोनदा ग्रामपंचायतीत जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तो थेट दगडापाशी थांबला. वरच्याच ओळीत त्याच्या आजोबाचं नाव होतं, पुढे तारीख. आजीचं कपाळ त्याने जन्मात भरलेलं पाहिलं नव्हतं. सणाला बाया कुंकू लावत फिरायच्या, तेव्हा ती चुलीपुढून हलायची नाही.

"लिही बे," तो अकीलला म्हणाला.

अक्षरं कोरून झाली. सिंधूआत्याने त्यांवरून सावकाश बोट फिरवलं. केळीतलं पाणी दगडाच्या पायाशी ओतलं.

"माय, नाही लागली अजून," ती म्हणाली आणि नातीचा हात धरून घराकडे निघाली.

अकील सामान आवरू लागला. शालिग्राम तिथेच उभा होता.

"अकील."

"हां, भाऊ?"

"ही वरची तारीख... खोडता येते काय?"