न हुंगलेलं फूल

गोळी मधोमध मोडणं म्हणजे कसबच. सत्यशीलानं नखानं खाच धरून दाबली, तशी ती चिमटीतून उडाली आणि दोन्ही तुकडे पलंगाखाली गेले.

“जाऊ दे गं,” आशाबाई उशीवरूनच म्हणाल्या. “एक दिवस नाही घेतली तर काय मी उठून पळणार आहे?”

“आसं कसं बाई. मोनालीताई आल्या की इचारत्यात ना.”

“मग दिली म्हणून सांग. पण तुला खोटं बोलवत नाही, हीच तर पंचाईत.”

सत्यशीला पलंगाखाली वाकली. तुकडे समोरच पडले होते. तरी ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. तिथं तिचं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

गोळी भासावरची होती. आणि आशाबाईंना भास झालेला नाही, हे सगळ्या घरात एकट्या सत्यशीलाला माहीत होतं.

वर्षापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून आशाबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्यात, सून मोनाली बिडकीनच्या कंपनीत. सकाळी आठला जाणार, संध्याकाळी सहाला येणार. तेव्हापासून सत्यशीला हर्सूलहून रोज क्रांती चौकामागच्या या घरी यायची. माणूस गरीब, बोलणं हळू. सकाळी तुळशीला पाणी, महादेवाला बेल आणि फूल, मगच तोंडात घोट. फुलं ती वाटेवरच तोडायची, लोकांच्या कुंपणावरून बाहेर आलेली. जास्वंद, कण्हेर, तगर. देवासाठी घेतलेल्या फुलाची चोरी होत नाही, असं तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईच्या आईनंही.

आशाबाईंनी पहिल्याच दिवशी तिला खिडकीतली वेल दाखवली होती. पलंगावरून त्यांना वेलीचा शेंडा तेवढा दिसे. बाकीची वेल गजांमधून बाहेर, सज्जावर लोंबत असे. पानं जाड, मेणात बुडवून काढल्यासारखी. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून घरात तिला मेणवेल म्हणत.

“नानासाहेबांनी, म्हणजे आमच्या यांनी, केरळातून आणली. ज्या लॉजवर उतरलो होतो ना, तिथल्या व्हरांड्यातून फांदी तोडली. मालकाला न विचारता. ओल्या रुमालात गुंडाळून, तीन गाड्या बदलून आणली. मी रस्ताभर बोलले त्यांना.”

“मग? काय म्हनले?”

“म्हणाले, फूल आलं की आधी तुलाच दाखवीन, मग बोल.” आशाबाई हसल्या. “नऊ वर्षं झाली. ते गेले, फूल काही आलं नाही.”

मोनालीनं एकदा मोबाईलवर चित्रं शोधून दाखवायला घेतली, तर आशाबाईंनी डोळेच मिटले. “मोबाईलवर नको. माझ्या खिडकीत बघीन.”

वेलीचे नेम त्यांनीच शिकवले. कुंडी बदलायची नाही. मुळं दाटली तरच ती फुलते. बोट पेरभर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. सत्यशीलाला ते पटेना. रोज पाणी न घालणं म्हणजे जिवाला उपाशी ठेवणं.

“तिचेही उपास असतात असं समज,” आशाबाई म्हणाल्या. “तुझे सोमवार, तिचे बाकीचे सहा वार.”

सत्यशीलाचे सोमवार त्यावेळी खरोखरच चालू होते. मुलगी ज्ञानेश्वरी फुलंब्रीला दिलेली. दोन वेळा दिवस राहून पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सत्यशीलानं महादेवाला हात जोडले आणि सोळा सोमवार धरले. सतराव्या सोमवारी, जूनच्या शेवटाला, उद्यापन होतं.

त्या सोमवारी सकाळी वाटेवर एकही फूल मिळालं नाही. रात्रभरच्या वाऱ्यानं सगळ्या कुंपणांची फुलं चिखलात. मनात रुखरुख घेऊन ती कामावर आली, बाईंना चहा दिला आणि वेलीची माती बघायला खिडकीशी गेली. बोट मातीत होतं आणि नजर गजाबाहेर गेली.

पानांच्या आड, रस्त्याच्या अंगाला, एक झुबका लोंबत होता.

तिनं श्वास आवरला. आवरला तो जाणूनबुजून. वास नाकात गेला तर ते फूल देवाला चालणार नाही. हुंगलेलं फूल उष्टं.

मागून आशाबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, “आलं का गं काही?”

आता हाक मारली तर बाई म्हणतील, आण इकडं. हातात घेतील, नाकाशी नेतील. नऊ वर्षांची वाट. कोण त्यांना नको म्हणेल? आणि ज्ञानेश्वरीला सहावा महिना लागलेला. देवानं आजच, याच खिडकीत फूल ठेवलं ते कशासाठी? वेल आहे. गोकर्ण नाही का, आज तोडलं तर उद्या पुन्हा येतं. उद्याचं बाईंना दाखवू.

“नाय बाई,” ती म्हणाली, “पानंच हायेत.”

भाजीच्या कात्रीनं तिनं झुबका देठासकट कापला. ओल्या रुमालात गुंडाळून आपल्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी महादेवाच्या पिंडीवर तो ठेवताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गुरवही म्हणाला, “मावशी, असलं फूल नाय बघितलं कधी.”

दुसऱ्या दिवशी ती चुरम्याचा प्रसाद घेऊन आली. आशाबाईंनी दोन्ही हात पुढं करून तो घेतला, कपाळाला लावला आणि खाता खाता म्हणाल्या, “शनिवारी रात्री आणि रविवारी रात्री या खोलीत काय गोड वास येत होता गं. साखर करपायच्या आधी येतो ना, तसा. काल रात्री नाही आला. वेलीला काही आहे का, नीट बघ बरं.”

सत्यशीलानं खिडकीशी जाऊन बघितल्यासारखं केलं. तिथं कापलेल्या जागी पांढऱ्या चिकाचा एक थेंब वाळला होता.

“शेजारच्या रातरानीचा आसंल बाई.”

“शेजारी रातराणी कुठंय?”

“मागच्या गल्लीत हाय.”

उद्याचं फूल उद्या आलं नाही, परवा आलं नाही. आशाबाई मात्र त्या वासापाशी अडकल्या. रोज संध्याकाळी नाक वर करून थांबायच्या. मोनालीला सांगायच्या. मोनाली मागच्या गल्लीत चक्कर मारून आली. तिथं रातराणी नव्हती. तिनं काळजीनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, या वयात नसलेले वास येतात, संध्याकाळी अर्धी गोळी देऊन बघू.

गोळीनं आशाबाईंना गुंगी यायची. पेपर हातातून गळायचा. पूर्वी शाळेत शिकवलेल्या पोरींची नावं ओळीनं सांगणाऱ्या बाई, आता मधेच थांबून विचारायच्या, “मी काय सांगत होते?” एकदा त्या हळूच म्हणाल्या, “सत्यशीला, माझं डोकं चाललं का गं? तो वास इतका खरा होता.”

आणि एकदा, सहज, “नानासाहेबांना त्या लॉजच्या माळ्यानं सांगितलं होतं. फूल सुकलं तरी देठ काढायचा नाही. दरवर्षी त्याच देठावर पुन्हा येतं. एकदा देठ धरला की झालं. कापला, तर मग वेल पुन्हा कधी धरेल सांगता येत नाही.”

त्या रात्री सत्यशीलाला जेवण गेलं नाही. सांगायला हवं होतं. पण देवाला दिलेलं फूल चोरीचं होतं असं तोंडानं म्हटलं, तर दिलेलं फळ देव मागं घेईल की काय? ज्ञानेश्वरीचं पोट मोठं होत होतं. तिनं महादेवालाच सांगितलं, पोरगी मोकळी होऊ दे, मग बाईंच्या पायाशी बसून सगळं सांगते. तोवर तिनं रोज आपल्या हातानं गोळी मोडली.

दसऱ्याच्या आधी ज्ञानेश्वरीला मुलगी झाली. त्याला आता अकरा दिवस झाले होते. सत्यशीलानं सांगितलं नव्हतं.

ती पलंगाखालून उठली. तुकडे बशीत ठेवले. पाण्याचा पेला भरला.

“थांब,” आशाबाई म्हणाल्या. “गोळीनं झोप येते. त्याआधी हे घे. उद्या बारसं ना? नातीला नुसतं कसं बघशील?”

उशीखालून त्यांनी एक टोपडं काढलं. नानासाहेबांच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचं. टाके वाकडेतिकडे, पण जवळजवळ घातलेले. कडेनं गुलाबी दोऱ्यानं चांदण्यांची ओळ भरली होती.

“हात कापतात. पंधरा दिवस लागले. तू स्वयंपाकघरात गेलीस की करायचे. बघ, ही आपली वेल. तो माळी म्हणाला होता, गुलाबी चांदण्या येतात. फुलली असती तर अशी फुलली असती, म्हणून भरली. मधे पिवळा दोरा घातला.”

सत्यशीलानं टोपडं हातात घेतलं. चांदण्यांवरून बोट फिरलं.

“मधी लाल आस्तं बाई,” ती म्हणाली.

आशाबाईंनी उशीवरून मान उचलली.

“काय म्हणालीस?”

सत्यशीला खाली बसली, पलंगाच्या पायाशी. पदर तोंडाला लावला आणि मग काढला. तोंड झाकून सांगायचं नव्हतं. सतरावा सोमवार, कात्री, रुमाल, डबा. रातराणी. ती सांगत होती तसा तिचा आवाज आणखी बारीक होत गेला. “तुमी हुंगलं आस्तं तर द्येवाला चाललं नसतं. म्हनून नाय दावलं. उद्या पुन्हा यील वाटलं.”

आशाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

“फूल देवाला गेलं,” शेवटी त्या म्हणाल्या, “ते एक वेळ ठीक. पण मी तुला विचारत होते, माझं डोकं गेलं का. तू मान खाली घालून पाय चेपत बसलीस.”

“व्हय बाई.”

“चार महिने.”

“व्हय.”

ती उठू लागली. काम गेलंच होतं. निदान दिवा लावून जावं, असं तिच्या मनात आलं.

“बस खाली,” आशाबाई भिंतीकडं बघतच म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता, वर्गात असेल तसा. “कसं होतं ते सांग. काही गाळू नको.”

सत्यशीलानं सांगितलं. झुबका तळहाताएवढा. बारीक बारीक चांदण्या, वीस-बावीस तरी, सगळ्या एका देठाला छत्रीवानी. पाच पाकळ्या. रंग लहान लेकराच्या टाचेसारखा, पांढुरका गुलाबी. वरून मखमल. एकेकीच्या पोटात अजून एक चांदणी, आणि तिच्या मधोमध लाल, कुंकवाची काडी टेकवल्यावानी. बोट लागलं की चिकट.

“आणि वास?”

“नाय घेतला बाई. दम धरून कापलं. डब्याचं झाकन देवळात उघडलं, तवाबी दम धरला.”

आशाबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरलेले होते, पण त्यांत माया होती की राग, सत्यशीलाला कळलं नाही.

“म्हणजे तू नुसतं बघितलंस,” त्या म्हणाल्या, “आणि मी नुसता वास घेतला.”

सत्यशीलानं सवयीनं गोळीची बशी पुढं केली. आशाबाईंनी ती बोटानं परत सारली.

“मोनालीला दाखव ही. आणि मला सांगितलंस ते तिलाही सांग. मी सांगणार नाही.”

“व्हय बाई.”

“त्या शिवणाच्या डब्यात लाल दोरा असेल. सुईत ओवून दे. माझ्यानं ओवला जात नाही.”

सत्यशीलानं डबा उघडला. खाली मोनालीची गाडी लागल्याचा आवाज आला. बशीत गोळीचे दोन्ही तुकडे तसेच होते. तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुई खिडकीच्या उजेडाकडं धरली.