मठाच्या विहिरीतला पाइप

नानासाहेबांच्या गळ्यात वीणा होती आणि खिशात फोन थरथरत होता. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि जिच्या पहाऱ्यावर आपण उभे तिला घेऊन मांडव सोडायचा नाही, असा गावाचा रिवाज. म्हणून त्यांनी फोन वाजू दिला. कुणाचा, ते त्यांना ठाऊक होतं.

पाण्याच्या मॅडमचा. त्या महिनाभर संभाजीनगरहून येऊन तालुका पालथा घालत होत्या. फवारणीचं औषध कुठल्या शिवारात जमिनीखालच्या पाण्यापर्यंत उतरू शकतं, याचा नकाशा करायचा होता. मुरमाड माळाला लाल रंग. खोल काळ्या मातीला हिरवा, कारण औषध अशा मातीतच अडकून राहतं. पाचोडजवळच्या या गावाला त्यांनी बिनघोर हिरवा दिला होता. काल सकाळी मात्र मॅडम गावातल्या मठाच्या विहिरीच्या पाण्याचा निकाल घेऊन आल्या.

"नानासाहेब, तुम्ही मठाचे विश्वस्त, म्हणून आधी तुम्हाला सांगते. या विहिरीत औषध निघालंय. मोसंबीवर मारतात तेच. बाकी विहिरी साफ आहेत. एवढ्या मातीतून इथंच कसं उतरलं? माझा नकाशाच चुकला की काय?"

"काय सांगावं बाई," नानासाहेब म्हणाले.

पण त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. विहीर चैत्रात आटायची, सप्ताहाला टँकर लागायचा. म्हणून तीन पावसाळ्यांमागं त्यांनी आपल्या मोसंबीच्या बागेतून वाहून जाणारं पाणी चरात अडवलं आणि पाइपानं थेट विहिरीत सोडलं. मातीतून जिरायची वाटच राहिली नाही. गाळ नको म्हणून तोंडाशी वाळू-गोट्यांचा खड्डा केला. औषध वाळूनं अडत नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी? विहीर भरली. महाराजांनी भर कीर्तनात त्यांना पुढं बोलावून नारळ दिला, "देवाच्या दारी पाणी आणणारा माणूस" म्हणाले. नानासाहेब लेकरासारखे रडले होते. ज्याला कीर्तनाचं वेड आहे त्यालाच कळेल तो नारळ काय असतो ते.

"हे पाणी आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. सरपंचांना सांगाल ना?"

"व्हय. सांगतो."

सांगितलं नाही. काला झाला की सांगू, दोन दिवसांनी काय होतंय. संध्याकाळच्या पंगतीत कुणी पाणी वाढायला घागर हातात दिली, तर ती त्यांनी दुसऱ्याकडं सरकवली. पोट बिघडलंय म्हणाले आणि जेवलेच नाहीत.

आता दुपारच्या मांडवात ते आणि टाळ घेऊन बसलेली म्हातारी मनकर्णाबाई, एवढे दोघंच होते. सप्ताहात ती नळाचं पाणी शिवत नसे, मठाच्या विहिरीचंच पिई.

"नाना, तोंड काहून उतरलं रे? घे, दोन घोट तीर्थ घे. तुह्याच पुण्याईचं हाय." तिनं तांब्या पुढं केला.

"नको मावशी."

"आता गं बया! समद्या गावाला पाजतो आन् सोता नको म्हणतो. लई मोठा झाला!" हसत हसत तिनं तांब्या स्वतःच्या तोंडाला नेला.

नानासाहेबांनी तो तिच्या हातातून हिसकावला. त्याच वेळी मागून आचारी सांडूची हाक आली, "आमटीचं आधण ठिवायचंय, मोटर लावतो वो!"

वीणा घ्यायला कुणी नव्हतं. नानासाहेब तसेच निघाले.

"नाना! वीणा मांडवाबाहेर चालली!" म्हातारी ओरडली.

विहिरीवर सांडूचा हात बटणावर होता.

"लावू नको. औषध हाय त्याच्यात. माझ्या बागेतलं. म्याच आणलं पाइपानं."

"ऊन लागलं का काय तुमाला?" सांडू हसला. मग चेहरा पाहून थांबला. "कवा कळलं?"

"काल सकाळी."

"काल पंगतीत माझी लेकरं होती, नाना."

माणसं जमली. त्यांतून वाट काढत मनकर्णाबाई धापा टाकत आली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं. मांडव रिकामा हाय."

या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी पडली नव्हती. त्यांनी वाकून ती तिच्या गळ्यात घातली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"तीन साल पेले रे म्या," एवढं बोलून ती माघारी वळली.

फोन पुन्हा थरथरला. नानासाहेबांनी एका हातात कुदळ घेतली, पाइपाकडं चालता चालता दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला.

"मॅडम, नकाशाचा रंग बदलू नका," ते म्हणाले. "माती बेकसूर हाय आमची."