किल्ली कुशाबाईकडे

वेगाच्या काट्याशेजारचं ते लाल चित्र — तेलाच्या बुधलीचं, टोकाशी एक थेंब — इतकं मुकाट पेटलं की गाडी बंद पडली हे कुशाबाईला आधी कळलंच नाही. एमआयडीसी मागे पडली होती, भिगवण रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि चाकं नुसती उरल्या वेगावर घरंगळत होती... स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड. दोन्ही हातांनी ओढून तिने गाडी कडेच्या मुरुमावर घेतली.

किल्ली फिरवली. खर्र-खर्र-खर्र... पुढे काही नाही. पुन्हा तेच.

पिंपळीहून ती डाळजला बहिणीकडे निघाली होती, एकटी, मुलाला न सांगता. त्याचे वडील गेल्यापासून दिग्विजय त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक बघत होता. आज गाडी ओढून न्यावी लागली तर किल्ली पुन्हा हाती लागणार नव्हती — ड्रायव्हिंगचा क्लास लावून, या वयात हसं करून घेऊन शिकलेलं सगळं इथंच, या मुरुमावर संपणार...

एक मोटारसायकलवाला थांबला. "मावशी, संगं कोण हाय का?"

"मी हाय की."

"तसं न्हाय, गाडीतलं कळणारं—"

"तेच म्हणते. मी हाय."

तो हसत गेला. जाईना का.

तेलाचा दिवा तर इंजिन थांबलं की पेटतोच. खर्र होतंय म्हणजे बॅटरी जिवंत आहे. पेट्रोल अर्ध्यावर. मग? क्लासमध्ये शिकवणारी रेश्मा सांगायची, किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप गुणगुणतो, तो ऐकत जा. तिने काच वर केली, श्वास धरला, किल्ली अर्धी फिरवली. पंप मुका.

म्हणजे फ्यूज. स्टिअरिंगखालचं झाकण तिने नखाने उचकटलं, मोबाइलच्या उजेडात पंपाचं चित्र शोधलं, त्या जागेचा निळा फ्यूज उपटला — आतली तार तुटलेली. आणि तेवढ्यात तोच मोबाइल हातात वाजला. दिग्विजय.

"आई, गाडी न्हेलीस व्हय? कुठं हायस?"

"रस्त्यात. बंद पडलीया."

"कशालाबी हात लावू नगंस. मी येतो मेकॅनिक घिऊन."

"येऊ नगंस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हॉर्नचा फ्यूजही निळाच होता, म्हणजे तेवढ्याच ताकदीचा. तो काढून तिने पंपाच्या जागी खुपसला. किल्ली अर्धी... गुंऽऽ. पुरी फिरवली, आणि इंजिन घुरघुरलं.

तार का तुटली, पुन्हा कुठे तुटेल, ठाऊक नव्हतं. ह्यांची आठवण म्हणून गाडी राहू दे, असं ती पोराला सांगत आली होती. आठवण! इतकी वर्षं हे चालवत होते आणि मी शेजारी बसून ऊस बघत होते... मलाही शिकवा म्हटलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय?" — हेच. हेच करायचं होतं मला.

आता रडू येईल असं तिला वाटलं. आला तो राग — गेलेल्या माणसावरचा, ताजा, लख्ख — आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.