पंप नाही, रोलर आहे

पापडांची फळी.

निळी पेटी.

"गावाला गेलाय."

वाटीभर पेज.

गच्चीवरून येणारा घूंऽऽ असा आवाज.

कपभर चहा, कुणीच न प्यायलेला.

हे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. मीसुद्धा तुकड्यांचाच आहे. मित्रांनो, भोईवाड्यातल्या एका चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पडलेला मी सायकलपटूंचा जुना रोलर.

एक लोखंडी चौकट आणि तिच्यात फिरणाऱ्या तीन गुळगुळीत नळ्या, एवढाच मी. माझ्यावर सायकल ठेवायची आणि चालवायची. चाकं फिरतात, नळ्या फिरतात, सायकल मात्र जागच्या जागी. ती कशालाही बांधलेली नसते. पाय चालू आहेत तोवर तोल. पाय थांबवायचे तर आधी कठडा धरावा लागतो, नाहीतर माणूस आपटतो. एवढं लक्षात ठेवा.

मला भिवाआप्पांनी घडवलं. ते गिरणीत फिटर होते. गिरणी पाडली तेव्हा भंगारातून त्यांनी या नळ्या उचलल्या आणि लालबागच्या एका कारखान्यात लेथवर घासून घेतल्या. आप्पा प्रत्येक नळी डोळ्यासमोर धरून बघायचे.

"केसभर जरी वाकडी ऱ्हवली, तर झील आपटतलो," ते कारागिराला म्हणाले. झील म्हणजे मुलगा. इथे तो त्यांचा नातू, विनीत.

विनीत आपटला. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही. त्याची धाकटी बहीण दर्शना कठड्याशी उभी राहून खो-खो हसली आणि मग तिनेच त्याचा खांदा धरला. तो शिकला तसा तिला शिकवायला लागला. "हँडलकडे बघू नको गं, समोर बघ. त्या टॉवरकडे." ती समोर बघायला शिकली. दादा सांगेल ते खरं, हेही बहुधा तिथेच शिकली.

मग माझे चांगले दिवस आले. विनीत शर्यती जिंकू लागला. शहराच्या, राज्याच्या, मग देशाच्या. चाळीच्या दारावर त्याचा बॅनर लागला. सकाळी तो वर आला की खालून कुणीतरी ओरडायचं, "चॅम्पियन, जरा हळू! आमचं छप्पर उडेल!" आणि तो वरून, "काकू, छप्पर उडालं तर टॉवरमध्ये घर लवकर मिळेल!"

त्याच काळात सायकलिंगमध्ये एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. नावाजलेल्या एका संघातले खेळाडू ताकद वाढवणारी औषधं घेताना सापडले. ज्यांची पोस्टरं दर्शनाने दाराच्या आतून चिकटवली होती, त्यातले दोघे त्यात होते. तिने ती पोस्टरं फाडली. रडली नाही. म्हणाली, "आपल्या घरात एक आहे, तेवढा पुरे."

दादरच्या एका सभागृहात विनीतचा सत्कार झाला, तेव्हा कुणीतरी विचारलंच, की तुमच्या खेळात हे असं चालतं का. मी तिथे नव्हतो. पण दर्शनाने मोबाईलवर ते भाषण इतक्यांदा लावलं, की मला पाठ झालंय.

"माझ्या आजोबांनी मला सरळ रोलर करून दिलाय," विनीत म्हणाला. "त्यावर वाकडं चालवलं की माणूस पडतो. मला पडायचं नाही. माझं औषध म्हणजे आईच्या हातची पेज."

टाळ्या. पुष्कळ टाळ्या. मित्रांनो, कुणी एवढ्या लोकांसमोर माझं नाव घेईल, असं मला वाटलं नव्हतं. आप्पा त्या संध्याकाळी वर आले आणि काही कारण नसताना त्यांनी मला तेल घातलं.

इथे माझा पट्टा तुटला.

खरंच तुटला. पुढची नळी मागच्या नळीशी जोडणारा तो रबरी पट्टा. त्या पावसाळ्यात विनीत इतका वेळ आणि इतक्या जोरात चालवायला लागला होता, की पट्टा तापून तुटला. त्याचे पाय थकायचेच नाहीत. मला वाटलं, मी याला असं घडवलं. मी खूश होतो.

आता पेटीबद्दल.

मोठ्या खेळाडूला रोज एक तास ठरवून आधीच कळवावा लागतो, की या वेळी मी अमुक ठिकाणी सापडेन. तपासणी अधिकारी न सांगता येतो आणि लघवीचा नमुना घेतो. वर्षात तीनदा खेळाडू सापडला नाही, की बंदी. नमुन्यात औषध सापडलं तर त्याहून मोठी बंदी, आणि नावही जातं.

आमच्या चाळीची वेगळीच सवय. अनोळखी माणूस हातात पेटी घेऊन जिना चढला, की पहिल्या दारातूनच उत्तर येतं, "गावाला गेलाय." गिरण्यांच्या संपाच्या वर्षी खरंच सगळे गावाला गेले होते. तेव्हापासून ते वाक्य तोंडात बसलंय. विनीतने त्या सवयीला हळूच तेल घातलं. "काकू, निळी पेटीवाला आला तर सांभाळून घ्या हां. टीव्हीवाले असतात. सरावात फार त्रास देतात."

जिन्याजवळच्या पहिल्या दारातल्या नलूकाकूंनी दोनदा सांभाळलं. मायेने, छातीठोकपणे. "कणकवलीला गेलाय. काय सांगू, तिथे फोनपण लागत नाही."

दोन्ही वेळा विनीत माझ्यावर होता.

दर्शनाला हे सायकलिंग संघटनेच्या फोनवरून कळलं, तेव्हा ती घाबरली. आणखी एकदा चुकलं की दादा संपला. तिने त्याला विचारलं. तो हसला. "काकूंचा घोळ झाला गं. मी सांगतो त्यांना समजावून." तो काही सांगणार नव्हता. तिला ते माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा अधिकारी आले तेव्हा नलूकाकू जिन्याच्या तोंडाशी पापड लाटत होत्या. गच्चीचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"गावाला गेलाय हो."

"परत? आणि हा वरून आवाज कसला येतोय?"

"पंप आहे. पाणी चढतंय."

"साडेसातला? तुमच्याकडे पाणी पहाटे येतं ना?"

"आमच्याकडे कधीही येतं!"

तेवढ्यात दर्शना दूध घेऊन आली. तिने पेटी पाहिली आणि धावतच पायऱ्या चढली.

"साहेब, थांबा! पंप नाही, रोलर आहे. दादा वर आहे. चला, मी दाखवते."

काकूंनी तिला चिमटा काढला. दर्शना हसत म्हणाली, "काकू, हे टीव्हीवाले नाहीत ओ. आपल्याच कामाचे आहेत."

मित्रांनो, ती विनीतला वाचवत होती. नमुना दिला की सगळं स्वच्छ निघेल, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

दर्शना आणि अधिकारी वर आले. विनीतने पाहिलं आणि तो थांबला नाही. त्याने पाय आणखी जोरात चालवले. कठडा हाताच्या अंतरावर होता.

"होऊ द्या तुमचं," अधिकारी म्हणाले आणि टाकीच्या कट्ट्यावर बसले. "मी आहे."

दर्शनाने त्यांच्यासाठी चहा आणला. तो त्यांनी नम्रपणे नाकारला, कप कट्ट्यावर राहिला. "दादा, उतर ना. साहेब किती वेळ बसणार?"

"तू आणलंस यांना वर?"

"मग काय! नाहीतर तिसऱ्यांदा झालं असतं. काय वेंधळा आहेस."

पावसाळ्यापासून न थकलेले ते पाय त्या सकाळी पहिल्यांदा थरथरले. ती थरथर मला कळली, आणि मला सगळंच कळलं. चहावर साय धरेपर्यंत तो चालवत राहिला. शेवटी त्याने कठडा धरला.

काही आठवड्यांनी अहवाल आला. औषध सापडलं होतं.

आप्पा एकटेच वर आले. गुडघे टेकून खाली बसले आणि माझी एकेक नळी हाताने फिरवून, कान लावून ऐकली. आधी पुढची, मग मागच्या दोन्ही. फिटर माणूस, आधी यंत्र तपासणार. "हेच्यात काय खोट नाय," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

बॅनर उतरला. विनीत कल्याणला राहायला गेला. चाळीने राग धरला तो मात्र दर्शनावर.

"सख्खा भाऊ होता गं तुझा," नलूकाकू म्हणाल्या. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"काकू, मला वाटलं..." दर्शना म्हणाली.

माझ्यावर पापडांची फळी आली. वर्षभर माझ्या अंगावर उडदाचे पापड वाळले. मला औषधाचा राग येतो, पण त्याहून जास्त येतो तो त्या भाषणाचा. खोटं बोलताना त्याने मला साक्षीला उभं केलं. मला तोंड असतं तर मी उठून सांगितलं असतं, की मित्रांनो, माझ्यावर वाकडं चालवूनही माणूस वर्षभर पडत नाही.

एका सकाळी दर्शनाने फळी उचलली, गंज घासला, नवा पट्टा घातला. ती टॉवरकडे बघून चालवू लागली. दोन हंगामांनी ती राज्याची विजेती झाली. सत्काराला आलेल्यांपैकी दोघे जिन्यात कुजबुजले, "ही तरी काय घेत असेल, देव जाणे." तिने ऐकलं आणि ती वर येऊन सरावाला बसली.

आता निळी पेटी तिच्यासाठी येते. जिन्यात तिने कागद चिकटवलाय: पेटीवाले साहेब आले की वर पाठवा. नलूकाकूंच्या तोंडून अजूनही "गावाला..." एवढं निसटतंच. मग त्या थांबतात, लाटणं उचलून वर दाखवतात. "आहे. जा." आणि दर्शना लगेच कठडा धरते, उतरते.

मित्रांनो, तुमच्या गच्चीवर, माळ्यावर माझ्यासारखं काही पडलं असेल, तर त्याला तेल घाला. आणि कुणाचं कौतुक करायचं असेल तर जरूर करा, पण त्याच्यासाठी दारातून खोटं बोलू नका. खरा असेल तर त्याला ते लागणार नाही. आणि तुमच्यातली एखादी दर्शना कुणाला विश्वासाने वर घेऊन आली, तर तिला चिमटा काढू नका.

विनीतने पहिली शर्यत जिंकली, त्या सकाळी त्याच्या पोटात फक्त पेज होती.