भिंतीतला उंबर

खोल्या पाच. खिडक्या नऊ, त्यांतल्या तीन चौकटीसकट गेलेल्या. दुधाचे कॅन चार, एकालाही बूड नाही. फॅट तपासायच्या काचेच्या नळ्या एकोणीस, त्यांतल्या सतरा फुटक्या. दर लिहायचा फळा एक. त्यावर ‘गाय’ आणि ‘म्हैस’ एवढंच वाचता येत होतं. मनगटाहून जाड सुबाभळी अकरा, त्याहून बारीक मोजल्या नाहीत. घाणेरी सगळीकडे. साळुंक्यांची घरटी दोन. पश्चिमेच्या भिंतीत, जमिनीपासून सव्वादोन मीटरवर उगवलेला उंबर एक. माणूस एक.

माणूस म्हणजे पुतळामावशी. राहू गावाच्या अलीकडे उसात दडलेलं हे दूध शीतकरण केंद्र बंद पडून बारा वर्षं झाली होती. मावशींचे मालक हौसराव इथे वॉचमन होते. केंद्र बंद झालं, पुढे दूध संघच बुडाला, मग हौसराव वारले. वॉचमनची खोली रिकामी करा असं सांगायला कोणी उरलंच नाही. खोली पश्चिमेच्या भिंतीला टेकून होती. मावशी तिथेच राहिल्या.

मी कुरकुंभला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तीन पाळ्यांत काम करते. बीएस्सी वनस्पतिशास्त्रात केलं, नोकरी रसायनात मिळाली. सुट्टीला तळेगाव ढमढेऱ्याला घरी जाताना वाटेत बंद इमारतींचे फोटो काढते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मिळून तेवीस जागा आहेत: पंपहाऊस, गोदामं, कामगारांच्या चाळी. उभं राहायच्या जागी विटेचा तुकडा पुरून ठेवते आणि दर सहा आठवड्यांनी तिथूनच, त्याच उंचीवरून फोटो घेते. भिंत सोडली की आधी कोणतं झाड येतं, किती वेगानं येतं, हे मला बघायचं होतं. पहिल्या वर्षी उत्सुकता होती. तिसऱ्या वर्षी बऱ्याचदा नुसता विटेचा तुकडा शोधायचे, बटण दाबायचे आणि गाडीला किक मारायचे.

उंबराचा फोटो मात्र चांगला आला होता. मुळं खिडकीच्या दोन्ही अंगांनी उतरून खाली पुन्हा एकत्र आली होती. शेजारच्या उसाचे मालक हौशीराम आप्पा बांधावरून येऊन कॅमेऱ्यात डोकावले आणि म्हणाले, मला टाक की हा मोबाइलवर. मी टाकला. ऑक्टोबरातली गोष्ट.

पुढच्या खेपेला गेले तर पश्चिमेची घाणेरी साफ तोडलेली, भिंतीला गेरू लावलेला, खाली पणत्या. माझा फोटो तीन-चार गावांच्या ग्रुपवर फिरला होता. दत्तगुरूंचा उंबर भिंत फोडून प्रगट झाला, असं त्याखाली लिहिलेलं होतं. दर गुरुवारी बाया तांब्या घेऊन यायला लागल्या. झाड डोक्याच्या वर, तांब्यानं पाणी पोचेना, म्हणून आप्पांनी आपल्या मोटारीचा पाइप आणून दिला. आरती संपेपर्यंत तो भिंतीवर सोडलेला असायचा. पाणी भिंतीतून पायात उतरायचं, आणि पायाखाली काळी माती.

जानेवारीत घरी बसून जुने-नवे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. ऑक्टोबरच्या फोटोत उंबराच्या बुडापासून मावशींच्या दाराच्या कोपऱ्यापर्यंत केसाएवढी रेघ होती. जानेवारीच्या फोटोत तिची भेग झाली होती. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. करंगळीचं नख आत गेलं.

मी आप्पांना समजावलं. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, पाया वर-खाली होतो. मूळ वरून पाचर मारतंय. भिंत पडली तर मावशींच्या खोलीवरच पडणार.

आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “उंबराला कुऱ्हाड लावायची म्हंती का? कालिजात शिकिवत्यात व्हय हे?”

झाड तोडा असं मी म्हणतच नव्हते. उंबराला हात लावायला इथे कोणी धजणार नाही हे मलाही माहीत होतं. माझ्या वडिलांनीही लावला नसता. मी म्हटलं, फक्त पाणी थांबवा.

“पाणी कुणामुळं सुरू झालं?” आप्पा म्हणाले. “फोटू कुणी काढला व्हता?”

तिसऱ्या पाळीहून आले होते, डोळे चुरचुरत होते. मावशींनी बशीत चहा ओतून पुढे केला.

मावशींना मी म्हटलं, लेकीकडे चला. त्यांची लेक तळेगावलाच आहे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तीन मुलींवर चौथी झाली, आता मुलगी नको म्हणून तिचं नाव नकुशी ठेवलं. वरच्या तिघींपैकी आज कोणी नाही. नकुशी मला बाजारात भेटली की दर वेळी निरोप देते, आईला सांग, खोली छोटी आहे पण ये.

“आधी आठ-आठ दिस माजं तोंड उघडत न्हवतं,” मावशी म्हणाल्या. “आता गुरुवारी बाया येत्यात. कुणी भाजी आणती, कुणी नुस्तं बोलून जाती. ते सोडून कुठं जाऊ? आन् नकुशीकडं? जिला नगं म्हणून नाव ठिवलं, तिच्या दारात कंच्या तोंडानं उभी राहू?”

मग त्यांनीच तोडगा काढला. “वैष्णवी, तू समदं मोजती ना? कॅन मोजलं, खिडक्या मोजल्या. मंग हेबी मोज. भिंत थांबली तर मी हितंच. चालली तर जाते.”

मी म्हटलं, पाच गुरुवार पाणी बंद ठेवावं लागेल, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही. उन्हा-सावलीनं थोडाफार फरक पडतोच, म्हणून एक मिलिमीटरपर्यंतची वाढ धरायची नाही. त्याच्या पुढे गेली तर भिंत चालू आहे असं समजायचं. मावशींनी मान डोलावली. आप्पा पाइप गुंडाळत म्हणाले, ठेवा देवाला तहानलेला, मोजपट्टीसाठी.

भेगेच्या दोन्ही बाजूंना मी एकेक स्टीलचा स्क्रू घट्ट बसवला. दोन स्क्रूंमधलं अंतर व्हर्निअरनं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग दाखवणाऱ्या सरकत्या मोजपट्टीनं, तीनदा मोजायचं, सरासरी घ्यायची, तीही सकाळी सातच्या सुमारास, भिंत तापायच्या आधी. पहिल्या दिवशी अंतर ६१.४ मिलिमीटर होतं.

पहिला आठवडा ६१.५. दुसरा ६१.५. तिसरा ६१.६. मला बरं वाटायला लागलं. मावशी दर खेपेला आकडा विचारायच्या आणि दाराच्या चौकटीवर खडूनं एक रेघ ओढायच्या. आकडा लिहिता येत नव्हता, पण हिशेब आपल्याकडेही पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट मी मोजली, कोणी सांगितलेलं नसताना. शेवटच्या पाण्याच्या गुरुवारी बाया बावीस होत्या, असं मावशी म्हणाल्या होत्या. त्यानंतर तेरा. मग सात. मग तीन. पाणी घालायचं नाही तर यायचं कशाला, असं कोणी बोललं नाही. नुसत्या आल्या नाहीत. त्या तिघींतली रंगुबाई तेवढी बसून राहायची. तिलाही पुढच्या आठवड्यात कांदा काढायला जायचं होतं.

चौथ्या आठवड्यात कंपनीत ऑडिट होतं. लागोपाठ दोन पाळ्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी झोपून राहिले. मोजमाप चुकलं. वहीत तिथे आडवी रेघ आहे. त्या आठवड्यात उन्ह एकदम चढलं होतं.

पाचव्या आठवड्यात गेले तेव्हा वाटेतल्या मोकळ्या रानात जमिनीला भेगा पडलेल्या होत्या, काहींत अख्खा पंजा जाईल अशा. आप्पा आधीच येऊन पायरीवर बसले होते. मावशींनी अंगण सारवलं होतं. चहा झाला. मला घाई नव्हती, पण सात वाजून गेले होते.

व्हर्निअर पुसलं, मिटवून शून्य तपासलं. शून्य बरोबर होतं. पहिलं माप घेतलं आणि वाचताना चूक झाली असावी असं वाटलं. डोळे चोळून पुन्हा वाचलं.

मावशी माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या. “जरा दाबून धर,” त्या हळूच म्हणाल्या. “दाबलं म्हंजी कमी भरंल.”

“आता मापात हात घालती व्हय गं?” आप्पा पायरीवरून म्हणाले. “सारा जलम दुधाच्या केंद्रावर गेला, त्याचा गुण लागला.”

“समद्यांचाच हात असायचा मापात,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या कॅनात पाणी किती असायचं ते सांगू का पोरीला?”

आप्पा हसले. मीही हसले असावे. मावशी हसल्या नाहीत. त्या स्क्रूकडे बघत होत्या. दाबलं असतं तरी स्क्रू हलणार नव्हते, ते मीच घट्ट बसवले होते. लिहिताना मात्र हात माझा होता. कंपनीत मी दिवसाला चाळीस आकडे लिहिते आणि त्यांतला एकही कोणी पुन्हा मोजून बघत नाही. इथेही बघणार नव्हतं. मग भेगेकडे पाहिलं. ती जिथे संपत होती, तिथून आत हातभर अंतरावर मावशींची उशी होती.

दुसरं माप घेतलं. तिसरं घेतलं.

“किती?” मावशींनी विचारलं.

मी वहीत आधी लिहिलं, मग त्यांना वाचून दाखवलं. वेळ सकाळी सात वाजून वीस मिनिटं. भिंत कोरडी. मापं ६४.१, ६४.०, ६४.१. सरासरी ६४.१. वाढ २.७ मिलिमीटर.