भूर्जाच्या सालीचा तुकडा

लष्करानं मोडीत काढलेली ती रायफल ताउनोनं घेतली आणि चाळीस वर्षं तीच घेऊन मूस हरणांची शिकार केली. तो गेल्यावर ती लेकीच्या, हेल्काच्या वाट्याला आली. नळीवर गंज, दस्त्यावर काळी राप, पट्ट्याला माशांचा वास. हेल्कानं मनावर घेतलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळं सुटं केलं, घासघास घासलं, दस्त्याला जवसाचं तेल पाजलं. आठ दिवसांत रायफल नवरीसारखी नटली.

घाई होती, कारण गावच्या शिकारी टोळीत मोठ्या खडकापाशी बसायची जागा ताउनोची होती. रविवारी हेल्का नेमबाजीच्या परीक्षेत पास झाली तर ती जागा घरात राहणार, नाहीतर दुकानदार रेइनोला जाणार. आणि रेइनोची टकळी सुरू झाली की जंगलात हरिण कसलं, ससासुद्धा थांबायचा नाही.

शनिवारी ती सरावाला गेली. पंचाहत्तर मीटरवर चार गोळ्या. एक वर, एक डावीकडे, एक मातीत, चौथी कुठे गेली देव जाणे.

बापाचा जुना जोडीदार, शहाऐंशी वर्षांचा ओइवाकाका, बाकावर वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत बसला होता.

"काय केलंस गं तिला?"

"साफ केली, काका. दुसरं काय करणार?"

"आतनं काय निघालं?"

"घाण. नळीखाली भूर्जाच्या सालीचा तुकडा अडकला होता, काळाकुट्ट."

"टाकलास कुठे?"

"सौनाच्या चुलीत, वाफेच्या अंघोळीसाठी. चूल पेटवताना साल दिसली की आपण दुसरं काय करतो?"

ओइवा इतका हसला की कवळी हातानं धरावी लागली. "शहाणीच आहेस. बापाचा नेम जाळून घाम काढलास की. नळी दस्त्यात हलू नये म्हणून त्यानं ती पाचर बसवली होती."

रायफलीत बापाच्या हातचं तेवढंच काय ते होतं, आणि ते तिनंच चुलीत घातलं होतं. हेल्काचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? झाड आहे ना अजून?"

झाड होतं, सौनामागेच. बापानं साल काढलेल्या जागी काळा व्रण पडला होता. हेल्कानं त्याच्या वर सुरी चालवली. तुकडा जाड झाला. ओइवा म्हणाला, "एक पदर काढ." काढला, तरी दाटच. "अजून एक." मग चपखल बसला. बसवण्याआधी तिनं सालीवर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं.

रविवारी चारही गोळ्या वर्तुळात गेल्या. हेल्काला इतका आनंद झाला की तिनं परीक्षकालाच मिठी मारली. रेइनोनं हात मिळवला आणि एरवी बोलायचा न थांबणारा तो माणूस चक्क गप्प बसला.

घरी जाताना ओइवानं विचारलं, "सालीवर काय लिहिलंस काल?"

"ताउनोच्या झाडाची आहे. चुलीत घालू नका."

ओइवा पुन्हा हसला. कवळी सावरायची सोडून या वेळी तो डोळे पुसत राहिला.